गुरुवारी अकरा वाजता रिकामी होणारी वस्ती

रत्नाचा फोन आला नसता तर मी नेवाशाच्या पुढे कधी गेले नसते. रत्ना माझी कॉन्व्हेंटमधली बाकावरची शेजारीण. ती शाळेतून निवृत्त, मी बँकेतून. "वस्ती उठायच्या आत येऊन जा," म्हणाली.

भानगड अशी. तिच्या वस्तीमागच्या टेकडीपलीकडे रॉकेटच्या मोटरी जमिनीला जखडून पेटवून बघतात. आता त्याहून मोठी मोटर करायचं घाटतंय. जुनी व्यवस्थित चालत असताना नवी हवीच कशाला, याचा सध्या फेरविचार सुरू आहे. नवी झाली तर धोक्याचा घेर वाढणार आणि वस्ती त्यात जाणार.

नगरहून सकाळची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट. नेवाशाहून शेअर जीप. शेवटच्या टप्प्याला रस्ता म्हणणं हा उदारपणा. रत्नाकडे रात्री हुलग्याची शेंगोळी होती. त्यासाठी मणके खिळखिळे झाले तरी चालतील.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. अकराला पाच मिनिटं असताना अंगणातली दोन्ही कुत्री उठली आणि ओढ्याकडे चालू लागली. भोंगा त्यानंतर वाजला.

"चल," रत्ना चपला घालत म्हणाली. "आज चाचणी नाही, नुसता सराव. दर गुरुवारी तासभर ओढ्यापलीकडे जाऊन बसायचं."

शेजारचे भाऊसाहेब शेळ्या हाकत चालले होते. "आन् त्याच तासाला ड्रोन पाठवत्यात," ते म्हणाले. "हितं कोन राहतंय ते बघायला."

"अहो, मग सांगा ना त्यांना!"

"सांगितलं की, बाई. म्हनले, खाली मानसं असताना उडवायचं न्हाई, असा नियम हाय."

काय ही अक्कल! मी अंगणातल्या खुर्चीत बसले ती बसलेच.

"शाळेतही अशीच होतीस," रत्ना म्हणाली. "सिस्टरनी माफी माग म्हटलं की गप्प."

ती गेली. भोंगा थांबला आणि त्याबरोबर सगळंच थांबलं. समोरच्या घरात पाळणा हलत होता, आत बाळ नव्हतं. कुठल्याशा चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला; उलटायला कोणी धावलं नाही. चिमण्यासुद्धा नव्हत्या. मी मोठ्यांदा खाकरले. आवाज माझाच, पण तो दुसऱ्या कोणीतरी काढल्यासारखा वाटला.

मग ड्रोन आला. त्याची सावली एकेका अंगणातून फिरली आणि माझ्या पायाशी येऊन थांबली. मी उठले, काळी छत्री उघडून जोरजोरात हलवली, "राहतात इथे माणसं!" म्हणून ओरडले. तो बराच वेळ वर थांबून होता. मग गेला.

घरी परतल्यावर महिन्याभराने रत्नाने ग्रामपंचायतीत लावलेल्या पाहणीच्या कागदाचा फोटो पाठवला. वरून टिपलेली वस्ती, तिच्यात एक काळा ठिपका. खाली ओळ: "कायम वस्ती आढळली नाही. एक व्यक्ती, बहुधा पर्यटक."

संताप आलाच. पण फोटो बघता बघता क्षणभर मलाही ते पटलं, आणि त्याचीच भीती वाटली. हल्ली गुरुवारी अकराच्या सुमारास मी हातातलं काम टाकून उठते. कुठे जायला, कोण जाणे.

या गुरुवारी मात्र नेवाशाला. सराव आहे, चाचणी नाही, हे विचारून घेतलंय. भाऊसाहेब आणि रत्ना या वेळी अंगणातच बसणार आहेत. मी छत्री घरीच ठेवतेय. चेहरे दिसू देत.