ओळखीच्या माणसाचे पैसे

तुरुंगाच्या बाहेरच्या भिंतीत एक खिडकी होती. आतल्या माणसाच्या नावावर पैसे तिथे भरायचे, मग त्याला आतल्या दुकानातून साबण, चहा, बिस्किटं घेता यायची. किल्लीकाका पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा शिपायाने मान वर न करता विचारलं, "कैदी कोण लागतो तुमचा?"

"ओळखीचा," काकांच्या तोंडून निघून गेलं.

शिपायाने तसंच लिहून घेतलं. आत होता तो काकांचा सख्खा, एकुलता एक मुलगा.

काकांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली बोळकांडी. किल्ल्या कापायचं यंत्र, खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एकच स्टूल, तेही गिऱ्हाइकासाठी. कुणाचं दार अडकलं, कुणाचं कपाट रुसलं की काकांना बोलावणं यायचं. कुलूप उघडलं की काका लगेच पाठ फिरवायचे. आत काय आहे ते आपण बघायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. "काका म्हणजे घरचाच माणूस," असं लोक म्हणायचे आणि काका वरवर हसण्यावारी न्यायचे, पण ते ऐकायला त्यांना फार आवडायचं.

मुलाला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं. पोरगा डावखुरा, पण हात बापापेक्षा हलका. पुढे त्याला मोबाइलवर पैजा लावायचा नाद लागला आणि त्या नादाने तो आतून पोखरला गेला. घरात कुणाला पत्ता नव्हता.

मग एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी चोरी झाली. बाई बहिणीकडे गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर कपाटातले दागिने गायब, आणि कुलूप मात्र जसंच्या तसं. पोलिसांनी काकांना बोलावलं. बाईंनी त्यांना आधी चहा दिला, मग कपाट दाखवलं.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. कुलपाच्या तोंडाशी एक बारीक तिरका ओरखडा होता, उलट्या बाजूला झुकलेला. याच ओरखड्यावरून त्यांनी पोराला शंभरदा झापलं होतं.

"काय वाटतं काका?" फौजदाराने विचारलं.

"काही सांगता येत नाही साहेब. किल्लीनेच उघडलं असेल."

किल्ली कुठे ठेवलेली असते ते बाईंशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं, घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना. पोलिसांनी त्यांना संध्याकाळीच उचललं.

त्या दिवशी जेवताना काकांनी मुलाकडे एकदाच पाहिलं. मुलाचा घास हातातच राहिला. काकूंना वाटलं, बापलेकांचं काहीतरी बिनसलंय. मावशी मात्र दोन रात्री कोठडीत होत्या. शेवटी मुलगाच दागिन्यांचं पुडकं घेऊन चौकीवर गेला आणि म्हणाला, "त्यांना सोडा. मी केलंय."

गल्लीत चर्चा झाली. "बिचारे काका! एवढा सरळ माणूस, आणि त्याच्या नशिबी हे!" बाईसुद्धा म्हणाल्या, "तुमचा काय दोष?" काकांनी मान डोलावली. लोक जितकी हळहळ करत तितका त्यांचा जीव नकोसा होई. त्यांना वाटे, आपण उसना कोट घालून फिरतोय, आणि सगळे म्हणतायत, शोभतो हो तुम्हाला.

काकू मुलाला भेटायला जायच्या. "अहो, एकदा तरी चला ना."

"दुकान कोण बघेल?" काका म्हणायचे, आणि दुसऱ्याच कुठल्यातरी दिवशी गुपचूप त्या खिडकीवर जाऊन पैसे भरून यायचे.

एकदा शिपायाने खिडकीतून नोटा परत सरकवल्या. "घेत नाही तो. म्हणतो, माझा असा कुणी ओळखीचा नाही." रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी पैसे खिशात कोंबले आणि तिथून काढता पाय घेतला.

पुढच्या भेटीहून काकू आल्या त्या बुचकळ्यात पडूनच. "अहो, तो म्हणत होता, पैसे बाबा भरत असतील तर त्यांना सांग, मावशींना नेऊन द्या. आपण त्यांना कशाला द्यायचे?"

काकांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांची नजर फरशीवरून हलली नाही. काकू आरडाओरडा करतील असं त्यांना वाटलं होतं, पण त्यांचा आवाज चढलाच नाही.

"म्हणजे तुम्हा दोघांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या, "आणि आत बसली ती तिसरीच. पोराने निदान तोंड तरी उघडलं. उद्या जा तिच्याकडे."

मावशींची खोली एका जिन्याखाली होती. इस्त्रीचे कपडे घेऊन त्या कसंबसं भागवत होत्या. सुटल्या खऱ्या, पण बाईंनी आणि आणखी तीन घरांनी त्यांना कामावर परत घेतलं नव्हतं. पोलिसांनी नेलेली बाई घरात नको, म्हणे. काकांनी पाकीट पुढे ठेवलं आणि चाचरत हकीकत सांगितली. मावशींनी इस्त्री उभी केली.

"पैसे उचला काका. हे घेतले तर लोक म्हणतील, कुठेतरी पाणी मुरत होतंच. माझ्याबरोबर चला. ज्या ज्या घराने मला काढलं तिथे हेच सांगा. मला एकटीला सांगून माझं काय भागणार?"

काकांनी पाकीट परत खिशात घातलं. "आज?"

"मग कधी?"

मावशी पुढे, काका मागे, अशी वरात निघाली. बाईंच्या दारात काका म्हणाले, "कुलूप बघितलं तेव्हाच मला मुलाचा हात कळला होता. मी खोटं बोललो. या मावशी तुमच्या किल्लीला शिवलेल्या नव्हत्या."

"आणि मी तुमचं सांत्वन करत होते," बाई म्हणाल्या. मग मावशींना म्हणाल्या, "तू आत ये." काकांच्या तोंडावर दार लागलं.

पुढच्या घरी काकांना शब्द आधीच पाठ झाले होते, तरी जीभ जड व्हायची ती व्हायचीच. एका घराने मावशींना परत घेतलं, एकाने "बघू" म्हणून बोळवण केली, एकाने दारच उघडलं नाही. फौजदाराने काकांना चौकीवर बोलावून जबाब पुन्हा घेतला आणि चारचौघांत पाणउतारा केला. दुकानात आता गिऱ्हाईक स्टुलावर बसत नाही, किल्ली कापून होईपर्यंत काकांच्या हातावर नजर रोखून उभं राहतं.

महिन्याअखेर ते काकूंबरोबर भेटीला गेले. जाळीपलीकडे मुलगा वाळला होता.

"मावशी कामावर आहेत?" मुलाने विचारलं.

"दोन घरी."

"बाकीच्या?"

"अजून नाही. मी परत जाणार आहे." काका थांबले. "तू गेलास चौकीवर. मला नाही जमलं ते."

मुलाने मान खाली घातली. घंटा झाली तेव्हा उठता उठता तो म्हणाला, "बाबा, इथे फार थंडी असते. मोजे घ्यायला थोडे पैसे भराल का?"

"भरतो," काका म्हणाले, आणि डोळे पुसायला लागू नयेत म्हणून घाईघाईने काकूंच्या मागून बाहेर पडले.