सुधाकरची तिरपी खुर्ची

सुधाकर गेल्याचं मला आमच्या स्पीकरवेड्यांच्या ग्रुपवरच कळलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि मधेच एकानं लिहिलेलं, ‘माणूस भला होता, पण केबलच्या टेस्टला स्वतः कधी बसला नाही...’ वाचून डोकं फिरलं. पण खरं सांगायचं तर तो मुद्दाम टाळतो हा संशय मलाही होताच. बायको म्हणते, तुम्ही प्रसादसुद्धा वास घेऊन खाता.

लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं तेव्हापासून तो तिथं फिजिक्स शिकवायचा. मी नांदेडहून एसटीनं त्याच्याकडं गाणी ऐकायला जायचो. ग्रुपवर कुणी म्हणालं, ‘स्पीकरची केबल महाग आहे, म्हणजे आवाज चांगलाच,’ की हा लगेच, ‘किंमत हा पुरावा न्हाई.’ कुणी म्हणालं, ‘लातूरवाल्यांना काय कळतंय आवाजातलं?’ की, ‘गाव सोडा, मुद्द्यावर या.’ एकदा त्यानं सगळ्यांना घरी बोलावलं, केबलींवर चादर टाकली आणि म्हणाला, ऐकून सांगा, महागडी कोणती. एकालाही धड सांगता येईना. ‘आता सर, तुम्ही बसा,’ म्हटल्यावर मात्र हा चहा टाकायला आत गेला. झालं, ग्रुपवर खोटारडा ठरला. त्यावर त्याचं एकच, ‘मी खोटारडा असलो तरी तुमची केबल चांगली ठरत नाही.’

माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला. त्याची खुर्चीही स्पीकरसमोर तिरपी असायची. विचारलं तर म्हणायचा, खिडकीतून ऊन येतं. दिवे लागल्यावर कसलं आलंय ऊन... आणि रस्त्यानं चालताना कायम माझ्या डाव्या हाताला.

परवा वहिनींना भेटायला गेलो. खुर्ची तशीच. ‘सरळ करू का?’ मी विचारलं.

‘नका, भाऊजी. त्यांना उजव्याच कानानं ऐकू यायचं. भूकंपात गावाकडं भिंत अंगावर आली, तवाच डावा गेला.’

‘मला कधी बोलला नाही.’

‘कुणालाच न्हाई. म्हणायचे, कळलं की लोक कानावरच बोलत बसतील, मुद्दा राहील बाजूला.’

गलबलून आलं, आणि रागही आला. त्यानं मलाही लोकांतच धरलं होतं. आणि संशय तर मी घेतच होतो.

‘पेपरात त्याच्यावर लिहितोय, त्यात हे लिहू का?’

‘लिहा की. आता कोण काय म्हणतंय ते त्यांना ऐकू येणार हाय का?’

मी खुर्चीत बसलो, फोन काढला आणि ग्रुपवर टेस्टचं काढणाऱ्या त्या माणसाला लिहायला घेतलं, ‘त्याचा कान...’ थांबलो, पुसलं. मग लिहिलं, ‘तो बसला नाही, तरी तुमची केबल चांगली ठरत नाही.’

आणि खुर्ची न हलवता गाणं लावलं.