कारणाचा रकाना

"काय व्हयनं, बठ्ठं सांग." मयताच्या घरी बायका पदर तोंडाला लावून रडत असायच्या, आणि आमच्या गावच्या आशा सेविका घरातल्या कुणाला तरी बाजूला घेऊन असं सगळं विचारायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. "उनी, फौजदारीन उनी!" असं त्या आल्या की बायका चिडवत. अक्का हलत नसत. अशी चिवट माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आमच्या गल्लीतली एकोणीस वर्षांची सून बाळंतपणात गेली. अक्का सोबत होत्या. अँब्युलन्सला फोन केले होते, पण ती आली तोवर सगळं संपलं होतं.

महिन्याभराने अक्कांनी ग्रामपंचायतीची नोंदवही पाहिली. पानाच्या पहिल्या ओळीत एका आजोबांच्या मृत्यूचं कारण होतं, वृद्धापकाळ. त्याखाली पानभर 'वरीलप्रमाणे'. त्यातच ही पोर.

"भाऊ, एकोणीस वरीसनी पोर म्हतारी शे का?"

ग्रामसेवक हसले. "अक्का, नोंद झाली ना? कारण कोण वाचतं?"

अक्कांना ते कुणीतरी वाचायला हवं होतं. बाळंतपणातला मृत्यू लिहिला की चौकशी लागते, अँब्युलन्सला उशीर का झाला ते विचारावं लागतं. त्या पोरीच्या धाकट्या जावेला तेव्हा चौथा महिना होता.

मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, म्हणून अर्ज माझ्याकडे आले. मला ते नीट जमत होते का, अजून सांगता येत नाही. पहिल्यात फक्त दुरुस्ती मागितली. दुसऱ्या वेळी अक्का म्हणाल्या, "लिख, जठे मयत व्हई, तठे कोनीतरी जाईसन इचाराले जोयजे." मी तसं लिहिलं. त्या अर्जाचं उत्तर आलं नाही. दुरुस्ती मात्र झाली. नवं कारण, ताप.

"म्हतारीनी तरनी तरी करी त्यास्नी," अक्का म्हणाल्या. चौकशीला कुणी आलं नाही.

तिसरा अर्ज मी शिकायला राहत होतो त्या पिंप्राळ्यात टाइप करून मी गावी गेलो, तर अक्का स्टँडवरच दिसल्या. सोबत ती धाकटी जाऊ, नववा लागलेला. तिला एरंडोलला आपल्या बहिणीकडे ठेवायला निघाल्या होत्या. तिथे दवाखाना जवळ होता.

"आणि गावातल्या बाकीच्या?" मी विचारलं.

"माले एकच बहीन शे, भाऊ."

एसटीत दोघी खिडकीशी बसल्या. मी बाहेरून अर्ज दिला. काच खडखडत होती. अक्कांनी अर्जाची न वाचताच घडी केली आणि काचेच्या फटीत दाबून बसवली. खडखड थांबली. पोरीने काचेला डोकं टेकवून डोळे मिटले. गाडी सुटली.