जालन्याच्या सळईचं कॅरियर

आमच्या जालन्यात हलकं काही करणं म्हणजे पाप. गावाला लागून सळईचे कारखाने, त्यामुळं कपडे वाळत घालायची दांडीसुद्धा आम्ही स्लॅबला पुरेल एवढी जाड घेतो.

पोरानं टाकून दिलेली जुनी डोंगरी सायकल मी अडगळीतून काढली आणि एका लग्नाच्या पंगतीत बोलून बसलो, "हिच्यावर कन्याकुमारीला जाणार." शेजारी शहागडचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. त्यांनी हातातली जिलेबी खाली ठेवली. "पाव्हणं, आधी आमच्या दारापोतर तर सायकलवर या. मंग कन्याकुमारी." पंगत हसली. आक्का मात्र ठसक्यात म्हणाली, "माझा भाऊ येईल म्हंजे येईल!" झालं! आता माझ्यासोबत तिचंही नाक पणाला लागलं.

खरबरीत टायर काढून गुळगुळीत घातले. पुढचे शॉकअप काढून चाक धरायला साधा चिमटा बसवला. राहिलं सामानाचं कॅरियर. मोबाइलवर बघून वेल्डरला म्हटलं, "पातळ नळीचं करा, हलकं." तो हसला. "साहेब, जालन्यात राहून नळी? तुटलं तर नाव माझं खराब व्हईल." लाज म्हणजे, मलाही ते बराबर वाटलं. छाती फुगली हो! त्यानं स्लॅबची सळई वाकवली आणि थेट फ्रेमलाच वेल्डिंग मारलं.

अंबड येईपर्यंत माझा घाम आणि शिव्या दोन्ही संपल्या. पुढं एका खड्ड्यात खट्ट झालं. फ्रेम बरोबर वेल्डिंगच्या शेजारी तुटली. कॅरियरला ओरखडा न्हाई!

आक्काला काय तोंड दाखवायचं? मंग शक्कल सुचली. सायकल टेम्पोत टाकायची, शहागडच्या अलीकडं उतरवायची, तिथून ढकलत न्यायची आणि म्हणायचं, आत्ताच मोडली. टेम्पो हायवेवरच्या चहाच्या हॉटेलाशी थांबला. सायकल मला आणि ड्रायव्हरला हलेना. मी ओरडलो, "अहो, जरा हात लावा की कुणीतरी!" एक माणूस कप ठेवून उठला. दाजी.

त्यांनी हात लावला. सायकल खाली आल्यावर कॅरियर दाबून बघितलं. "मजबूत हाय," एवढंच बोलले.

दारात आक्का आरतीचं ताट घेऊन उभी. गल्लीतल्या चार बायाही गोळा केलेल्या. "बघा गं, जालन्याहून सायकलवर आलाय!" मी दाजींकडं बघितलं. ते थोडा वेळ चपला काढत राहिले. मंग म्हणाले, "आलाय खरा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता दर लग्नात चारचौघांत दाजी विचारतात, "काय पाव्हणं, कॅरियर बरं हाय ना?" मी गुमान उठतो आणि त्यांच्या ताटात जिलेबी वाढतो. आक्का बायांना कौतुकानं सांगते, "माझ्या भावाला त्याच्या दाजींचा लई मान!"