ट्रेगिर हे नाव

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीत राबून हेडली ट्रेगिरची छाती निकामी झाली, नजरही गेली, पण आडनावाचा ताठा तसाच राहिला. त्याच्या मुलीने, लव्हडेने, तरुणपणी जॅगो नावाच्या खाणकामगाराशी लग्न ठरवलं, तेव्हा "बापाचा पत्ता नसलेलं पोर माझ्या उंबऱ्यात नको," म्हणत हेडलीने त्याला सगळ्यांदेखत हाकललं. जॅगो आफ्रिकेतल्या खाणीत गेला आणि तिथेच छत कोसळून मेला. लव्हडे बापाजवळच राहिली.

म्हातारपणी हेडलीला घराण्याचं मूळ शोधायची हुक्की आली. लव्हडे त्याला चर्चमध्ये नेऊन तिथल्या बाप्तिस्म्यांच्या जुन्या नोंदी वाचून दाखवू लागली. पाद्री आणि दोन शेजारी कौतुकाने ऐकत होते. चार पिढ्या मागे गेल्यावर ती थबकली.

"वाच की गं! दातखीळ बसली का?"

"‘ट्रेगिर खाणीच्या तोंडाशी टाकून दिलेलं पोर. आईबाप माहीत नाहीत. खाणीचंच नाव दिलं.’"

हेडलीचा चेहरा राखेसारखा झाला. "हळू बोल, पोरी."

"ऐकू आलं नाही का, बाबा?" असं म्हणत लव्हडेने तेच पुन्हा, खणखणीत आवाजात वाचलं.

घरी जायला त्याने चाचपडत तिचा हात शोधला. तिने तो मागे घेतला आणि एकटीच बाहेर पडली.