बराकपूरचा जुना नंबर

बाळांनो, आजोबा शेवटच्या वर्षी एवढे गप्प का झाले होते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. वय झालं होतं, असं मी सांगितलं. ते खरं नव्हतं.

त्यांची सारी नोकरी बराकपूरजवळच्या कारखान्यात तोफांच्या नळ्या कोरण्यात गेली. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून आतलं कोरायचं हत्यार बोथट झाल्याचं ते सांगत. सीमेवर तणाव वाढला तेव्हा टीव्हीवर विमानं दाखवत होते. हे म्हणाले, "विमानं काय बघतेस? दारूगोळा किती दिवस पुरेल ते विचार. यंत्र विकत मिळतं. ते कानाने ओळखणारा माणूस घडायला दहा वर्षं लागतात. लढाई लागल्यावर तो कुठून आणणार?"

मग कळलं, कारखान्यात तीन पाळ्या सुरू झाल्या आहेत आणि नव्या मुलांना शिकवायला निवृत्त माणसांना बोलावताहेत. दुसऱ्या दिवशी यांनी बुटांना पॉलिश केलं. बराकपूर सोडून आलो त्या न्यू टाउनच्या या फ्लॅटमध्ये ते रोज नाश्ता झाला की मोबाइल समोर ठेवून बसत.

"तुम्हीच करा की फोन," मी म्हटलं.

"बोलावल्याशिवाय पंगतीला बसू?"

"ऐंशीव्या वर्षी मानपान हवा वाटतं?"

"मान नको गं. बोलावणं हवं."

ते आलं नाही. तीन आठवड्यांनी तणाव निवळला, बूट खोक्यात गेले. थंडीत आजोबा गेले.

मार्चमध्ये पेन्शनचे कागद घेऊन मी एकटीच कारखान्याच्या कचेरीत गेले. टेबलामागची बाई मला मावशी म्हणत बंगालीत म्हणाली, "माशीमा, साहेबांना आम्ही किती फोन केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे म्हणत होते, त्यांनाच आणा. फोन लागलाच नाही." तिच्या वहीत आमच्या बराकपूरच्या घरातला नंबर होता.

तो मीच बंद केला होता. घर बदलताना नवा नंबर कुणाकुणाला कळवायचा याची मी यादी केली होती. बँक, गॅस, डॉक्टर, पुतणे, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. कारखान्यापुढे लिहिलं होतं, 'आता गरज नाही.' यादी अजून फायलीत आहे.

त्या बाईने वही पुढे सरकवली. "नवा नंबर लिहून द्या."

मी लिहिला. दहाही आकडे लिहून झाल्यावर लक्षात आलं, तो यांचा होता. मग तो खोडून त्याखाली माझा लिहिला.