बरणीतले ग्लास वूल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो, पण आधी थोडे समजावून द्यायला हवे.

गॅस क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, काचेच्या नळीत भुकटी भरलेली असते. ती हलू नये म्हणून टोकांना ग्लास वूलचा, म्हणजे काचेच्या कापसाचा, बोळा बसवतात. उघडी काच काही औषधांचे सूक्ष्म अंश धरून ठेवते. म्हणून त्या कापसाला रासायनिक लेप दिलेला असतो. लेप गेला की औषध वाटेतच अडकते आणि आलेखावर त्याचे शिखर उमटत नाही.

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत कॅरी गावाजवळच्या एका लॅबमध्ये संशोधन करीत होतो. पुण्याच्या कॉलेजात आम्ही वापरलेले ग्लास वूल आम्लाने धुऊन, भट्टीत भाजून पुन्हा वापरीत असू. काही टाकून देणे आम्हाला शिकवलेच नव्हते. तीच शिस्त मी इथे पाळली — भाजलेला कापूस लेप दिलेल्या कापसाच्या बरणीत परत ठेवला. लेप भट्टीत जळून जातो, हे मला सुचले नाही. एवढेच असते तर ती नुसती चूक ठरली असती.

वैजयंती माझ्यानंतर दोन वर्षांनी नागपूरहून आली. मला दादा म्हणे. रक्तातले औषध मोजण्याचे काम तिचे — आणि तिची शिखरे उमटेनात. लॅबच्या प्रमुख प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर तिला निष्काळजी म्हटले. महिनाअखेरीपर्यंत जमले नाही तर जागा जाईल, असेही बजावले.

तिने मला विचारले, "दादा, बाकी सगळं चेक करून झालं. ते ग्लास वूल तर नसेल ना?"

आदल्याच दिवशी मी बरणीवरची सूचना वाचली होती — भट्टीत तापवू नये. म्हणजे मला ठाऊक होते. तरी मी म्हणालो, "ते ट्रीटेडच आहे, लेप आहे त्याला. तू हात जरा नीट चालव."

का? लॅबमध्ये काटेकोर म्हणून माझे नाव होते — ते जाईल म्हणून? एवढ्यासाठी?

तिची जागा गेली. विमानतळावर मीच सोडायला गेलो. गाडीत ती म्हणाली, "माझ्या हातालाच केमिस्ट्री नाही, दादा." मी तिच्या बॅगा उतरवून दिल्या.

काम माझ्याकडे आले. मी नवी बरणी उघडली, नळीचे बोळे बदलले. फ्रीजमध्ये तिने तयार केलेले नमुने होते. त्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. तेच नमुने मी यंत्रात सोडले. शिखरे उमटली — सरळ, टोकदार, एकूण एक. मग मी त्या चिठ्ठ्या काढून माझ्या अक्षरातल्या लावल्या, आणि आलेख प्राध्यापकांकडे नेले.

तिने पुढे प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकले नाही, असे ऐकतो. तिचे काम पहिल्या नमुन्यापासून बरोबर होते.